झाकलेली प्लेट

भुतं फक्त रात्रीच दिसतात असं ज्यांना वाटतं, त्यांना ही गोष्ट पटणार नाही. माझ्या बाबतीत जे घडलं ते भर दुपारी घडलं. सव्वा वाजता. आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं जेवत होती.

यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. कुठेही उभं करा, हेच सांगेन. सांगून उपयोग काही नाही, हेही मला ठाऊक आहे. जिला हे सांगायला हवं होतं तिला मी सांगू शकलो नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवतो. बावीस वर्षं झाली. भिंग एखाद्या अंशानं जरी तिरकं बसलं तरी गिऱ्हाईकाचं डोकं ठणकतं, त्यामुळे माझ्या हातांना सरळ करण्याची सवय लागली आहे. परक्याच्या घरात भिंतीवरची तसबीर कललेली दिसली तरी मी उठून नीट करून येतो. लोक हसतात.

दादा सगळ्यात जास्त हसायचा.

"तुला स्वर्गात नेलं ना," तो म्हणायचा, "तर आधी ढगांच्या रांगा लावत बसशील."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मी अकरा वर्षांचा असताना आई-वडील पाठोपाठ गेले आणि दादानंच मला वाढवलं. तेव्हा तो स्वतः एकोणीस वर्षांचा होता. त्याचा चष्मा मीच बनवला होता. डावी दांडी मोडली तेव्हा नवी फ्रेम घे म्हणून मागे लागलो, तर म्हणाला, "डोळे तेच आहेत ना? मग फ्रेम कशाला बदलायची?" शेवटी तांब्याच्या बारीक तारेनं मी ती दांडी बांधून दिली.

गेल्या वर्षी त्याला खोकला झाला. साधा खोकला म्हणून डॉक्टरांकडे गेला आणि न्यूमोनिया निघाला. चौथ्या दिवशी त्याला आयसीयूत हलवलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, नाकात अन्नाची नळी. डोळे मिटलेले. हाक मारली तर पापणी हलायची, तेवढंच.

वहिनी आयसीयूबाहेरच्या बाकावरून हलायची नाही. मी दुकानातून दुपारी यायचो, तेव्हा ती घरचा डबा उघडायची आणि मला बाहेर पिटाळायची.

"भाऊजी, तुम्ही खाली जाऊन जेवून या. तुम्ही पडलात तर मला कोण आहे?"

हॉस्पिटलच्या समोर, रस्ता ओलांडला की एक छोटं कॅफे आहे. आठ टेबलं, त्यावर चौकटीचं मेणकापड. दारालगत फळा, त्यावर रोज खडूनं लिहिलेलं जेवण. सूप, ब्रेड, पांढऱ्या सॉसमधलं चिकन, कुस्करलेला बटाटा, उकडलेले मटार, शेवटी कस्टर्ड. स्वस्त आणि पोटभर. मालकीणबाई वाढायच्या आणि त्यांचा नवरा आत रांधायचा.

गिऱ्हाईकं बहुतेक आमच्यासारखीच. वर कुणीतरी झोपलेलं आणि खाली हे जेवतायत. एक डोळा सुपावर, एक मोबाइलवर.

पहिल्याच दिवशी मालकीणबाईंनी मला तिथला नियम सांगितला.

"जेवताना वरून फोन आला तर काटा आणि सुरी प्लेटमध्ये अशी फुली करून ठेवायची. म्हणजे तुम्ही परत येणार. मी झाकण घालून ठेवते. प्लेट कुणी हलवणार नाही."

"आणि जेवण झालं असेल तर?"

"तर दोन्ही शेजारी-शेजारी, सरळ. मग मी उचलते."

खिडकीखाली स्टीलच्या गोल झाकणांची चळत होती. एवढ्याशा कॅफेत एवढी झाकणं कशाला, असं मनात आलं.

दुसऱ्या दिवशी कळलं. चार टेबलांवर झाकलेल्या प्लेटा होत्या आणि खुर्च्या रिकाम्या. एक म्हातारे गृहस्थ धापा टाकत परत आले, झाकण काढलं आणि गार झालेलं चिकन मुकाट्यानं खाऊ लागले. शेजारचा माणूस त्यांच्याकडे बघून हसला. परत येऊन जेवणं म्हणजे वर सगळं ठीक आहे, हे तिथे सगळ्यांना समजायचं.

आता त्या दिवसाबद्दल सांगतो.

मंगळवार होता. दादाला आयसीयूत आठवा दिवस. डॉक्टर सकाळी म्हणाले होते, "आणखी बिघडलेलं नाही. ही चांगली गोष्ट आहे." तेवढ्यावर मला भूक लागली होती.

कॅफे गच्च भरलेलं. मला कोपऱ्यातलं दोघांचं टेबल मिळालं. मी सूप संपवलं, मालकीणबाईंनी प्लेट आणून ठेवली, आणि मी मान खाली घालून जेवायला लागलो.

मान वर केली तर समोर एक बाई बसलेली होती.

कधी आली, कळलं नाही. गर्दीत टेबल वाटून घ्यावंच लागतं, म्हणून मला काही वावगं वाटलं नाही. पन्नाशीची असेल. घरातून घाईत निघाल्यासारखी. तिच्यापुढे माझ्यासारखीच प्लेट होती, अर्धी खाल्लेली.

ती जेवत नव्हती. दाराकडे बघत होती.

"पेशंट वर आहे?" मी विचारलं. तिथे ओळख अशीच व्हायची.

तिनं मान हलवली. मग अचानक उठली, काटा-सुरीची फुली केली आणि म्हणाली,

"जरा लक्ष ठेवाल? आलेच मी."

"हो, जा तुम्ही."

ती निघाली. तेव्हा आवाज आला...

खर्र. खर्र. खर्र.

मी खाली बघितलं. तिच्या पायात आयसीयूत चपलांवर चढवतात ती निळी प्लास्टिकची पिशवीवजा आवरणं होती. काढायची विसरली असेल, बिचारी.

मी जेवत राहिलो.

मालकीणबाई दुसऱ्या टोकाला होत्या, त्यामुळे झाकण घालायला कुणी आलं नाही. आणि ती फुली... अगदी वेडीवाकडी होती. काटा प्लेटच्या कडेवरून घसरत होता. आता पडेल, मग पडेल असं वाटत होतं.

मी काय केलं असेन, तुम्ही ओळखलं असेल.

खरं सांगतो, मला कळलंसुद्धा नाही. हात पुढे गेला, काटा उचलला, सुरीच्या शेजारी ठेवला. दोन्ही सरळ, टोकं एका रेषेत. बोटाला लागलेला पांढरा सॉस नॅपकिनला पुसला आणि पुढचा घास घेतला.

मालकीणबाई ट्रे घेऊन आल्या, दोन टेबलांवरच्या रिकाम्या प्लेटा उचलल्या आणि जाता जाता समोरचीही उचलली. माझं लक्ष मोबाइलमध्ये होतं.

खर्र. खर्र.

ती माझ्या पाठीमागे उभी होती.

"माझी प्लेट कोणी उचलली?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. आवाजात काहीच नव्हतं.

"अहो, माफ करा, मी आत्ता सांगतो त्यांना..." मी उठलो, मालकीणबाईंना हात केला आणि वळलो.

मागे कुणी नव्हतं.

दार बंद होतं. त्या दाराला घंटा आहे, उघडलं की वाजते. ती वाजली नव्हती.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. वहिनी. मी घाबरतच उचलला.

पण वहिनी हसत होती. रडतही होती.

"भाऊजी, हे बोलले. आत्ता. डोळे उघडून बोलले."

मी मोबाइल कानाला घट्ट धरला.

"भूक लागलीय त्यांना. जेवण मागतायत. माझ्याकडे बघून म्हणाले, 'माझी प्लेट कोणी उचलली?' घरी कायम ताट म्हणतात, आज प्लेट म्हणाले बघा. नर्सही हसली. ऐकताय ना?"

मी ऐकत होतो.

समोरच्या मेणकापडावर प्लेटचा गोल ओला ठसा होता. तो वाळेपर्यंत मी त्याच्याकडे बघत उभा होतो.

गर्दी ओसरल्यावर मालकीणबाईंना त्या बाईबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, माझ्या टेबलावर मी एकटाच होतो.

"मग ती दुसरी प्लेट?"

"तुम्ही आत सांगून अजून एक मागवली असेल, असं वाटलं मला."

त्यांनी नवऱ्याला हाक मारली. त्यानं आतूनच सांगितलं की कोपऱ्यातल्या टेबलाला एकच प्लेट गेली.

मालकीणबाईंनी दाराकडे बघितलं. मग हळूच विचारलं,

"तिच्या पायात काय होतं?"

मी ते सांगितलं, आणि तिची फुली मी सरळ केली तेही. त्या खुर्ची ओढून बसल्या. इतक्या दिवसांत त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

नऊ वर्षांपूर्वी ती बाई त्याच टेबलावर जेवत होती. नवरा वर आयसीयूत. फोन आला, तिनं फुली केली आणि धावत सुटली. पायात ती आवरणं तशीच. रस्त्यावर पाय घसरला आणि गाडीखाली आली.

"तिची प्लेट मी वर दुसरी प्लेट पालथी घालून तशीच ठेवली होती," मालकीणबाई म्हणाल्या. "ती गेली हे कळल्यावरसुद्धा. हातच होईना उचलायला. संध्याकाळी बंद करायची वेळ झाली, तेव्हा उचलली आणि धुतली. तिचा नवरा त्याच वेळेला गेला, असं नंतर कुणीतरी सांगितलं."

"योगायोग असेल."

"असेल. मी दुसऱ्या दिवशी जाऊन झाकणं घेऊन आले."

त्यानंतर ती तीन-चार जणांना दिसली होती. सगळे एकटे जेवणारे. प्रत्येकाला तिनं तेच सांगितलं, जरा लक्ष ठेवा. त्यांनी ठेवलं. त्यांचे पेशंट घरी गेले.

"आणि ज्यानं नाही ठेवलं?"

मालकीणबाई उठल्या आणि टेबल पुसायला लागल्या. आधीच पुसलेलं टेबल त्यांनी पुन्हा पुसलं.

"असं अजून कुणी केलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

मी वर गेलो. दादाचे डोळे पुन्हा मिटलेले होते. वहिनी मात्र खुशीत होती. बरे झाल्यावर यांना काय काय खायला घालायचं, याची यादी तिनं डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या मागे लिहायला घेतली होती. मला वाचून दाखवली. यादी चांगली आहे, असं मी म्हणालो.

प्लेटबद्दलच्या त्या वाक्यानंतर दादा एक शब्दही बोलला नाही.

बुधवारी मी दुकानातून रजा टाकली. बारा वाजता कॅफेत जाऊन कोपऱ्यातलं टेबल धरलं आणि दोन प्लेटा मागवल्या. मालकीणबाईंनी काही विचारलं नाही. दुसरी प्लेट रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली. मी स्वतः काटा-सुरीची फुली केली. झाकण घातलं.

आणि बसलो.

कुणी आलं नाही.

तीन वाजता मालकीणबाई म्हणाल्या, "उद्या या."

गुरुवारी पुन्हा गेलो. मनातल्या मनात तिची माफी मागत होतो. बाई, माझ्या हातांची चूक आहे, माझ्या भावाला का? तुमची प्लेट ठेवलीय. गरम आहे. या आणि जेवा.

एक वाजला. सव्वा वाजला.

आणि आवाज आला...

खर्र. खर्र. खर्र.

पण तो आवाज जवळ येत नव्हता. लांब जात होता. टेबलापासून दाराकडे. आणि मग थांबला.

मी झाकण उचललं.

काटा आणि सुरी शेजारी-शेजारी होती. सरळ. टोकं एका रेषेत.

मी रस्ता कसा ओलांडला ते आठवत नाही. लिफ्टची वाट न बघता चार मजले चढलो. जिन्यातच मोबाइल वाजला, तो मी उचललाच नाही. वहिनी बाकावर नव्हती. आत होती, आणि दादाच्या तोंडावरचा मास्क काढलेला होता.

डॉक्टर म्हणाले, संसर्ग रक्तात पसरला होता, आम्ही शक्य ते सगळं केलं. खरंच केलं असेल. त्यांची काही चूक नाही.

वहिनी आता एकाच गोष्टीवर जगते. येईल त्याला सांगते, "शेवटी शेवटी यांना भूक लागली होती. स्वतःहून जेवण मागितलं." मग म्हणते, "एक घास भरवू दिला असता तर."

मी तिथेच बसलेला असतो. मान हलवतो. तिला काय सांगू? तुझा नवरा जेवण मागत नव्हता, असं सांगू?

त्यानंतर चार महिने मी त्या रस्त्याला गेलो नाही.

मग एक दिवस दुकानाच्या मालकानं हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या विभागात एक चष्मा पोचवायला सांगितला. पोचवला. दुपारचा एक वाजत आला होता. मी कॅफेत का शिरलो, मला सांगता येणार नाही.

मालकीणबाईंनी मला ओळखलं. सूप आणून ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ती परत कुणाला दिसली नाही. तुमच्या त्या दिवसानंतर नाहीच."

मला जरा हलकं वाटलं. निदान कुणा दुसऱ्यावर ती वेळ येणार नाही.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक मुलगी बसली होती. विशीची. मांडीवर रिपोर्टांची फाइल. तिच्यापुढे एक प्लेट.

आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे दुसरी.

अर्धी खाल्लेली. काटा-सुरीची फुली.

मी उठून तिच्याकडे गेलो.

"इथे कोण बसलंय, बाळ?"

"एक काका होते. आत्ताच गेले. प्लेटवर लक्ष ठेव म्हणाले." ती जरा हसली. "पेशंटच असतील बहुतेक. पायात काही नव्हतं, अनवाणीच चालत होते. आणि चष्मा बघितला असता तुम्ही... डाव्या दांडीला चक्क तांब्याची तार गुंडाळलेली."

मी शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढली. बसलो.

"त्या प्लेटला हात लावू नकोस," मी म्हणालो. "काही झालं तरी लावू नकोस. कुणाला लावू देऊ नकोस."

ती माझ्याकडे विचित्र नजरेनं बघायला लागली. बघणारच. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिचा चेहरा उतरला.

"आई आहे वर," ती म्हणाली. घाईनं तिनं आपल्या प्लेटमध्ये फुली केली. "काका, दोन्हीकडे बघाल? आलेच मी."

दाराची घंटा वाजली आणि ती गेली.

मी मालकीणबाईंना हाक मारणार होतो. झाकण आणा म्हणून. पण त्या आत होत्या, आणि मला त्या प्लेटवरून नजर काढायची भीती वाटत होती.

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. शाळेत दंगा केल्यावर बसवायचे तसा बसलो.

दादाची प्लेट माझ्यासमोर होती. दादानं आयुष्यात कधी काट्या-सुरीनं खाल्लं नव्हतं. ती फुली त्याच्यासारखीच होती, ढिसाळ. काटा कडेवरून घसरत होता.

"दादा," मी म्हणालो, "ये ना रे. जेवून घे. मी बसलोय इथे."

मला रडू येत होतं. लोक बघत होते, बघू देत.

मग मागून आवाज आला...

थप. थप. थप.

ओल्या फरशीवर उघडी पावलं.

मी वळलो. क्षणभरच. एवढाच क्षण.

मागे कुणी नव्हतं.

पुन्हा समोर बघितलं, तर काटा आणि सुरी शेजारी-शेजारी होती. दोन्ही सरळ. टोकं एका रेषेत. इतकी नीट, की कुणी मोजून ठेवली असावीत.

माझे हात मांडीखालीच होते. ते मी तिथून काढलेच नव्हते, हे मी कुणाच्याही गळ्याची शपथ घेऊन सांगेन.

मी ते बाहेर काढले.

उजव्या हाताच्या बोटाला पांढरा सॉस लागला होता.

अजून गरम होता.

मी तिथून पळालो. त्या मुलीची वाट बघितली नाही, मालकीणबाईंनाही काही सांगितलं नाही. घरी आल्यावर काटे आणि सुऱ्या होत्या तेवढ्या बांधून माळ्यावर टाकल्या. आता मी हातानंच जेवतो, आणि जेवताना उजव्या हाताकडे बघत राहतो. दुकानात काम चालू आहे. भिंगं पूर्वीपेक्षाही सरळ बसतात, असं गिऱ्हाईकं म्हणतात.

वहिनीनं परवा विचारलं, "भाऊजी, तुमचे दादा तुमच्या स्वप्नात येतात का हो?"

मी नाही म्हणालो.

त्या मुलीची आई घरी गेली का, हे मालकीणबाईंना एका फोनवर विचारता येईल. नंबर माझ्याकडे आहे.

मी अजून विचारलेलं नाही.